रिकामा ट्रॅक

खिडकीवर पावसाचा आवाज आला तसा शैलेश पलंगावर उठून बसला आणि डाव्या पायात बूट चढवू लागला. प्रणिता नुकतीच हॉस्पिटलातून रात्रपाळी करून आली होती. नर्सचा गणवेश अजून अंगावरच होता. नवऱ्याच्या बुटाची नाडी बांधायला ती वाकली नाही. ते त्याला खपत नसे. चहाचा कप हातात धरून ती दारात उभी राहिली.

जूनमध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा शाबूत राहिली, डावा हातही बराचसा परत आला, पाय मात्र फरफटतच राहिला. रोज मोकळ्या हवेत चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अहमदीतल्या त्यांच्या घरापासून बाग जवळच होती. बागेला चालण्यासाठी ट्रॅक होता, आणि कुवेतमध्ये हिवाळा म्हणजे चालायचेच दिवस. पण शैलेश बाहेर पडायचा तो फक्त पाऊस असला तरच. पावसात तिथे कुणी नसे. यंदा पाऊस जास्त होता, हे त्याच्या पथ्यावरच पडलं होतं.

"मार्चनंतर हा पाऊस नसणार," प्रणिता म्हणाली. "मग काय करशील?"

"मार्चचं मार्चमध्ये बघू." त्याने जॅकेटची टोपी कपाळापर्यंत ओढली आणि काठी घेतली.

बागेत खरंच कुणी नव्हतं. ट्रॅकवर वाळूचं गढूळ पाणी साचलं होतं. बोरीच्या झाडांवरची धूळ धुऊन गेली होती आणि पानं ओळखू येणार नाहीत इतकी हिरवी दिसत होती. आधी काठी, मग डावा पाय कमरेतून उचलून पुढे टाकायचा, मग उजवा. कुणी ऐकायला नसल्यामुळे तो पायाशी मोठ्याने बोलत होता. चल, म्हणत होता. अजून थोडं, म्हणत होता. असं करत तो बागेच्या पार दुसऱ्या टोकाला पोचला. जूननंतर इतक्या लांब तो आलाच नव्हता.

तिथे पाऊस थांबला.

ऊन पडलं आणि बघता बघता फाटकातून माणसं आत येऊ लागली. पाऊस पडून गेला की इथे सगळे पाणी बघायला बाहेर पडतात. एका कुवेती कुटुंबाने ओल्या गवतावर प्लॅस्टिक अंथरून चहाचे थर्मास मांडले. मुलं डबक्यांत उड्या मारू लागली. फिलिपिनो बायकांचा एक घोळका व्हिडिओ काढत उभा होता. शैलेशला क्षणभर वाटलं, झाडामागे थांबावं. पण ही माणसं अंधार पडेपर्यंत हलणार नव्हती. त्याने टोपी आणखी खाली ओढली आणि ट्रॅकच्या कडेकडेने परत निघाला.

अर्ध्या वाटेवर मागून धावत्या पावलांचा आवाज आला. उजवी टाच किंचित घासत होती. तो त्याचा मित्र सुमेध आहे, हे कळायला शैलेशला मागे वळून बघायची गरज नव्हती. सुमेधबरोबर तो इथे कित्येक वर्षं दर शुक्रवारी धावत आला होता. शैलेश पुढे आणि सुमेध धापा टाकत मागे, हे ठरलेलं. झटक्यानंतर सुमेध दोनदा घरी येऊन गेला होता. दोन्ही वेळा शैलेशने प्रणिताला सांगायला लावलं होतं, की झोपलाय म्हणून. फोन तर त्याने घेतलेच नव्हते.

त्याने मान खाली घातली.

"चाचा, जरा साइड देना," असं म्हणून सुमेध बाजूने निघून गेला. त्याच्या बुटाचं पाणी शैलेशच्या पँटवर उडालं.

शैलेश जागीच उभा राहिला. सुमेध त्याच्याहून वर्षभराने मोठा होता. कुणी ओळखू नये एवढंच तर त्याला हवं होतं, आणि तसंच झालं होतं. सुमेध वळणाजवळ पोचला, आता दिसेनासा होणार.

"सुमेध्या!"

हाक इतक्या जोरात गेली की डबक्यातली मुलं थबकून बघू लागली. शैलेशने टोपी मागे टाकली.

सुमेध वळला. आपल्याला कोण बोलावतंय हे त्याला आधी कळेना. मग कळलं आणि तो धावत आला. शेवटची काही पावलं मात्र चालत आला. त्याची नजर पायाकडे गेली, काठीकडे गेली, मग चेहऱ्यावर आली.

"अरे, मागून मी ओळखलंच नाही तुला," तो म्हणाला. मग ऊन डोळ्यांवर होतं, टोपी होती, आपण घाईत होतो, असं बरंच काही सांगत राहिला.

शैलेशने त्याचं बोलणं संपू दिलं.

"आता मागूनच ये," तो म्हणाला. "नीट बघून घे. मी आता असा चालतो."

आणि तो पुढे निघाला. सुमेध मागे राहिला. धावायची सवय असलेली पावलं त्याने आखडती घेतली आणि तो चालू लागला. डबकी चुकवायचं शैलेशने सोडून दिलं. डावा पाय पडेल तिथे पाणी उडत होतं, आणि सुमेध ते अंगावर घेत फाटकापर्यंत त्याच्या मागून येत राहिला.