बाटलीभर पेट्रोल

पाण्याच्या टाकीपाशी गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. हँडलला टांगलेली बाटली कोरडी ठणठणीत. घर अजून दोन वळणं लांब होतं. गाडी तशी छोटीच, पण स्पोर्ट जातीची, पुढे वाकून बसायची. ढकलायला लागली की कंबरेचा काटा ढिला करते. तो ढकलत निघाला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने विचारलं, काय, आज पण? त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

परीक्षा त्याने स्वतःच ठरवली होती. गाडीच्या टाकीचा कॉक बंद करायचा, खुणेपर्यंत पेट्रोल भरलेली बाटली हँडलला टांगायची, तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडायची आणि पुलापर्यंत जाऊन परत यायचं. तेवढ्या पेट्रोलात गाडी दारात आली पाहिजे, आणि पुलाच्या चढावर रडता कामा नये. अ‍ॅव्हरेज पण हवं आणि पिकअप पण. मोठ्या वर्कशॉपचे मालक आज दुपारी येणार होते ते हेच बघायला, आणि गाडी ते स्वतः चालवणार होते. पसंत पडली तर त्यांच्या रेसच्या गाड्या याच्या हाती. नाही पडली तर सोमवारपासून मेहुण्याच्या रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असा शब्द त्याने बायकोला देऊन ठेवला होता. गल्ल्यावर, दिवसभर, एका जागी. नुसत्या विचाराने त्याच्या तळपायाला मुंग्या येत होत्या.

अंगणात आल्या आल्या त्याने नट खोलायचे पाने काढले. खरं तर या गाडीत मूळचं काय उरलंय हा संशोधनाचाच विषय. मागच्या चाकाचं दातेरी स्प्रॉकेट बदललं, चेन बदलली, सायलेन्सर हलका केला, वजन नको म्हणून फायबरचा अर्धा डोलारा उतरवला. मागे बसणाऱ्याचे फूटरेस्ट काढले तेव्हा बायको त्याच्याशी चार दिवस बोलत नव्हती. कार्बोरेटरचा स्क्रू तर इतक्या वेळा आवळला आणि सैल केला की बिचाऱ्याचं डोकं झिजलं. लोक त्याला भिंगरी म्हणत. नोकऱ्या सोडल्या, भाड्याची घरं सोडली, याचं बूड कुठे म्हणून टेकलं नाही.

आता त्याचं म्हणणं असं की सगळा घोटाळा स्प्रॉकेटचा. जुनं परत बसवतो, हां हां म्हणता होईल. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. दुपारची फेरी संपवून नुकतीच आली होती. सामान बांधायचा तिला वीट आला होता. हे घर तिला आवडायचं. या वेळी तरी याचं जमावं एवढंच तिला वाटत होतं, आणि जमत आलेलं हा माणूस आपल्या हाताने मोडणार हे तिला समोर दिसत होतं.

"उघडू नका," ती म्हणाली. "आहे तशीच द्या. मी एक चक्कर मारून येते."

ही काय तुझी व्हॅन आहे का, असं तो म्हणाला. माहेरी भावाची गाडी काय तुम्ही येऊन चालवायचात का, असं तिने विचारलं. बाटली तिनेच भरली, खुणेपर्यंत, ना थेंब कमी ना थेंब जास्त. हेल्मेट घातलं आणि गेली.

तो फाटकापर्यंत गेला, परत आला. पाने लहानमोठे लावले, पुन्हा विस्कटले. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन बघावं का? पण आपण तिकडे आणि मालक इकडे आले तर त्यांना काय रिकामं अंगण दाखवायचं? ती नक्की कुठेतरी ढकलत असणार, आणि ढकलायला आपणच लावलं. त्याने चप्पल घातली, काढली, परत घातली.

वळणावरून आवाज आला तेव्हा तो आपल्या गाडीचा आहे हे त्याला पटेना. एकसारखा होता, कुठे चढउतार नाही. गाडी दारात येऊन थांबली. बाटलीत पेट्रोल शिल्लक होतं, चांगलं बोटभर.

चढावर काय झालं, त्याने विचारलं. चढावर एका बसला मागे टाकलं, ती म्हणाली.

त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं. म्हणजे गाडी तयार झाली होती. खरोखर झाली होती. तो गाडीपाशी गुडघ्यावर बसला, आणि बसता बसता स्क्रूड्रायव्हर हातात आलाच. बोटभर उरलंय म्हणजे अजून वाव आहे. अगदी पाव फेरा आवळला तर...

"अहो." ती हेल्मेट काढत होती. "गाडी कधीचीच झालीय. पेट्रोल तुमच्या मनगटात जातंय. रस्ता मोकळा असला तरी अ‍ॅक्सिलरेटरला पीळ देता, सोडता, परत पीळ देता. माझ्या व्हॅनमध्ये अशाने एक पोर झोपलं नसतं."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत बसलेलं त्याला दिसलं, आणि ते तिथे कधी गेलं हे काही केल्या आठवेना. त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्याने स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला, पायरीवर जाऊन बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. गुडघे तेवढे हलत राहिले. तेवढं तिने चालवून घेतलं.

मालकांची जीप ठरल्या वेळेच्या आधीच फाटकाशी येऊन उभी राहिली. शांत, जाडजूड माणूस. उतरले, गाडीभोवती हळूहळू फिरले, टायर अंगठ्याने दाबून पाहिला. मग पायरीपाशी आले आणि तुम्हीच का ते, म्हणत त्यांनी हात पुढे केला.

तो हलला नाही. त्याने आधी बायकोकडे पाहिलं.

"एकच हात काढा," ती म्हणाली.