वाकडी चौकट

चौकट वाकडी होती. फार नाही, बोटभर. पण चौकटी बनवणाऱ्याच्या दुकानात बोटभर म्हणजे हातभर.

सकाळपासून ती त्याच्या डोळ्यांत खुपत होती. काच कापताना खुपली, पट्टीला गोंद लावताना खुपली. आतल्या कोपऱ्यात, उंच लाकडी कपाटाला लागून, बायकोने काल दोघांचा तरुणपणीचा फोटो टांगला होता, आणि फोटोतला तो सगळा भार टाकून तिच्या अंगावर घसरत होता. सरळ कर म्हटलं, तर म्हणाली, माझे हात गोंदाचे आहेत. स्टूल कुठे म्हटलं, तर म्हणाली, शेजारच्या शिंपीणबाई घेऊन गेल्या. शिंपीणबाईंना स्टूल कशाला लागलं, हे त्याने विचारलं नाही. बायकोच्या उत्तरामागे आणखी एक उत्तर तयार असतं, एवढं त्याला संसाराने शिकवलं होतं.

डावा हात तिथे शिरत नव्हता, कपाट आड येत होतं. उरला उजवा, आणि उजवा खांद्यात आखडला होता. छातीच्या वर उचलला की आत कुणीतरी गंजलेलं दार ओढतंय असं वाटायचं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने साधंच काम सांगितलं होतं. भिंतीशी उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी, रोज थोडी वर. आत्ता हलवला नाहीत तर हात आहे तिथेच थिजेल, हेही तिने सांगितलं होतं, हसत हसत, पण डोळ्यांत बघून.

त्याने मान डोलावली होती. मग गिऱ्हाइकं आली. मग हवा गार होती. मग जेवण जड झालं. मग खांद्याला आराम हवा होता, कारण दुखत होता. म्हातारपणी भिंतीशी मुंगी मुंगी खेळताना लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील, हेही होऊन गेलं. आणि काहीच सुचलं नाही की उद्या होताच. एव्हाना वरच्या आकड्यांवरच्या चौकटी बायकोच काढून द्यायची. मोठे आरसे तर त्याने घ्यायचेच सोडले होते. मोठा आरसा उचलायला दोन्ही हात लागतात.

अकराच्या सुमारास शाळेतल्या एक बाई आल्या. आईच्या हातचं भरतकाम चौकटीत बसवून हवं होतं. त्याने पट्ट्यांचे नमुने पुढे ठेवले. बाईंनी एक निवडलाही. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"चौकटी सरळच करून मिळतात ना?"

बाईंनी भरतकामाची घडी पुन्हा पिशवीत ठेवली आणि संध्याकाळी येते म्हणाल्या. संध्याकाळी कोण येतं आणि कोण येत नाही, हे दुकानदाराला पाठीवरून कळतं.

तो उठला. आधी लांब फूटपट्टीने चौकट ढोसली. ती उलट्या बाजूला कलली आणि आता फोटोतली बायको त्याच्या अंगावर घसरू लागली. पडद्यामागच्या खोलीत कुणालातरी ठसका लागला.

त्याने फूटपट्टी ठेवली, भिंतीला नाक लावून उभा राहिला आणि छातीशी बोटं टेकवली. एक बोट पुढे, मग दुसरं. खांदा कुरकुरला. त्याने मनातल्या मनात आधी खांद्याला, मग भरतकामवाल्या बाईंना आणि मग शिंपीणबाईंना शिव्या घातल्या. बोटं चढत राहिली. आतून बायकोचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं.

मुंगी निघाली माहेरी, उभ्या भिंतीचा गं घाट
दमते, टेकते बाई, पण सोडीना ती वाट

तो थांबला, दम खाल्ला, पुन्हा चढला. हात कपाळाशी पोचला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आणखी थोडं. आणखी. मग मधल्या बोटाच्या नखाला लाकूड लागलं. त्याने खालचा कोपरा जरासा ढकलला आणि फोटोतली दोघं आपापल्या पायांवर उभी राहिली.

हात मात्र लगेच खाली आला नाही. फार दिवसांनी कुणाकडे गेलेल्या पाहुण्यासारखा तो तिथेच रेंगाळला.

चेहरा वर होता, म्हणूनच त्याला दिसलं. चौकटीच्या वर, कपाटाच्या सावलीत, एक बारीक खिळा होता. त्याच्या वर आणखी एक. त्याच्याही वर आणखी. एकावर एक, ओळंब्यात, अशी सुबक रांग थेट छतापर्यंत गेली होती. त्याने स्वतः ठोकले असते तरी इतके सरळ आले नसते.

"अगं," हात भिंतीवरच ठेवून तो म्हणाला, "हे कधी केलंस?"

पडदा सारून बायको बाहेर आली. एका हातात हात पुसायचं फडकं होतं, दुसऱ्या हातात स्टूल.

"तुम्ही एकेक कारण सांगत होतात," ती म्हणाली, "मी एकेक खिळा ठोकत होते."

त्याने पुन्हा वर पाहिलं. वाद घालायला जागा नव्हती, छत लागलं होतं. आला होता तसाच, बोटाबोटाने, त्याने हात खाली आणला. स्टूलचा पाय हलवून पाहिला. चांगला मजबूत होता.

"संध्याकाळी भरतकामवाल्या बाई येऊन गेल्या की पुढच्या खिळ्यावर लाव," तो म्हणाला. "आणि वाकडीच लाव."