घरचा क्लाउड

"पोरगं इचारत न्हाई, सांगत न्हाई, अन् घर उलथंपालथं करून राहिलं," ही चतुराबाईंची रोजची तक्रार. शहरातली नोकरी सुटून गोरेगावात परतलेल्या विजयकुमारने सोयाबीनची पोती ओसरीवर काढली, कोठीत तीन जुने कॉम्प्युटर तारांनी जोडले आणि फुकटच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर घरचाच क्लाउड उभा केला.

चतुराबाईंच्या मोबाइलमध्ये गेलेल्या नवऱ्याचा तेवढा एक आवाज होता: "आवं, भाकर घेऊन ये, वाट पाहून राहिलो." मोबाइल भरला म्हणून विजयकुमारने तोही क्लाउडमध्ये हलवला आणि इथून पुसला. "आई, तिथं आपल्याबिगर कुनीच शिरू शकत न्हाई."

काल लाइट गेली. परत आल्यावर तिन्ही कॉम्प्युटर पासवर्ड मागत बसले.

"पासवर्ड म्हंजे किल्लीच ना? कुठं ठेवली?"

विजयकुमारने मान खाली घातली. "जपून ठेवली होती, आई. त्याच क्लाउडमधी."

चतुराबाईंनी मुका मोबाइल पदरात गुंडाळला.


"त्या मानसानं जलमभर घराला कडी लावली न्हाई, विज्या. तू त्यालाच कोंडलं, अन् किल्लीबी त्याच्यापाशीच ठेवली."