अकरा गाठी

कच्च.

दुपारच्या निपचित घरात कात्रीचा आवाज उमटला आणि स्वयंपाकघरातून सासूबाई लगेच म्हणाल्या, "कुणाचं शिवतेस गं? पायडल मारू नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना?"

"मशीन बंदच आहे. कापतेय नुसती."

"कापाकापी त्यांच्यावर सोड. त्या शिकल्यात त्यासाठी."

तिने कात्री पुढे सरकवली. खिडकीच्या काचेला एमआरआयची फिल्म चिकटपट्टीने लावलेली. वीस चौकटी, प्रत्येकीत तिच्याच पोटाचा एकेक काप. सकाळपासून टेपने मोजून, ब्लाऊजचा नमुना वाढवतात तसं चौपट करून, तिने आपली गर्भपिशवी खाकी कागदावर उतरवली होती. गाठींसकट.

सोनोग्राफीत चारच दिसल्या होत्या. "एमआरआय काढू म्हणजे कळेल, कुठली कुठे आणि किती खोल," डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "अस्तर मोकळं असेल तर गाठी तेवढ्या सोलून काढू, पिशवी राखू." अस्तर म्हटल्यावर तिला हायसं वाटलं होतं. शब्द घरचा होता.

एमआरआयने अकरा दाखवल्या. सगळ्यात मोठी अस्तरातच घुसलेली.

"राखायचा प्रयत्न करू," काल त्या म्हणाल्या. "पण रक्त थांबलं नाही तर टेबलावरच पिशवी काढावी लागेल. आणि तुमच्या अंगात रक्त आहे कुठे, बाई? हिमोग्लोबिन सहावर आलंय. मला विचाराल तर सरळ काढून मोकळ्या व्हा. एक लेक आहे ना? उद्या चारपर्यंत कळवा, परवाच्या ऑपरेशनांची यादी लावायचीय."

नवरा फोनवर म्हणाला, "तू म्हणशील तसं." चांगला माणूस. पण अशा वेळी चांगल्या माणसाचा काही उपयोग नसतो.

बायका तिच्याकडे उगाच येत नसत. कमी पडलेलं, उसवलेलं, उंदराने कुरतडलेलं कापड घेऊन येत आणि चाचरत विचारत, "एवढ्यात निघेल का हो?" ती कापड उलटं करी, पालटं करी, पट्टी फिरवी आणि म्हणे, "निघेल." इथे जोड, तिथे चुणी, पण निघे. तिच्या तोंडून ‘नाही’ कुणी ऐकलं नव्हतं. पाच वर्षांची लेकसुद्धा चिंधी घेऊन यायची, "माझ्या बाहुलीचं निघेल?" आणि तेच उत्तर घेऊन नाचत जायची.

कडेच्या चार गाठी सहज कापून झाल्या. पाचवी, सहावी. तेवढं तर कुठल्याही कापडात भागतं. आठवीपासून मधे कागद कमी उरू लागला.

सासूबाई पाणी आणि लोहाची गोळी घेऊन आल्या. काचेकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"हे तू? मला मेलं आभाळच दिसतंय नुसतं, भरून आलेलं."

"ते काळे गोळे दिसतात ना, त्या गाठी."

"बघ बाई," त्या हळूच म्हणाल्या. "जिवाहून काही मोठं नसतं."

एवढं म्हणाल्या आणि त्यांची नजर कपाटाच्या वरच्या फळीकडे गेली. तिथे लेकीच्या वेळचं उरलेलं मलमलीचं कापड घडी करून ठेवलं होतं. पुढच्या खेपेला लागेल म्हणून. दोघींनीही ते पाहिलं, आणि दोघींनीही पाहिलं नाही असं केलं.

अकरावी गाठ कापली आणि कागद मधोमध फाटून हातात लोंबला.

वीस चौकटींतल्या गाठी तिने एकाच कागदावर काढल्या होत्या. कुठली पुढे, कुठली मागे, याचा हिशेब तिच्याकडे नव्हता. कापड सपाट असतं. तिने पोटही सपाटच धरलं होतं.

ती बराच वेळ कागद जुळवत बसली. इथे जोड, तिथे चुणी. मग तिने कात्री मिटली. चाराला पाच कमी होते. तिने दवाखान्यात फोन लावला.

घंटी वाजत असताना लेक झोपेतून उठून आली. केस विस्कटलेले, बाहुली काखेत. तिने जमिनीवरचा कागद उचलला, एका भोकाला डोळा लावून आईकडे पाहिलं, मग तो बाहुलीच्या अंगाला लावून बघितला.

"हॅलो," फोनमधून आवाज आला. "बोला."

लेकीने तिचा पदर ओढला.

"आई, एवढ्यात निघेल?"