आमटीबद्दलचं वाक्य

"मंदा, आजची आमटी..." एवढं बोलून पद्माकरराव थांबले, त्याला आता वीस मिनिटं झाली होती.

अर्धांगवायूनंतर त्यांचं बोलणं मेंदूतल्या चिपमधून इंटरनेटने कंपनीत जायचं आणि तिथून गळ्यातल्या स्पीकरमध्ये यायचं. 'मीठ कमी आहे' हे वाक्य आजवर एकदाही अडकलं नव्हतं. आजचं मात्र अडकलं. मंदाकिनीबाईंनी पदर खोचला आणि कंपनीला फोन लावला.

"काकू, नेटवर्क व्यवस्थित आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "भूक, औषध, तक्रार अशी गरजेची वाक्यं लगेच पोचतात. बाकीची आम्ही हळू सोडतो."

"बाकीची म्हणजे कुठली गं?"

"कौतुक वगैरे. ते मनोरंजनात मोडतं."

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांत या गृहस्थांनी आमटीला नावं ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आत्ता मात्र ते ताटाकडे बघत, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन बसले होते.

"मी लाइन रीसेट करून देते, काकू. फक्त ते अडकलेलं वाक्य पुसलं जाईल."

"खबरदार हात लावलास तर! बत्तीस वर्षांनी निघालंय ते."

फोन ठेवून त्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. त्यांच्या वाटीत आणखी एक पळी आमटी वाढली.

"सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या.