असं धरून चालायचं

उद्या कॉलेजात सांख्यिकीच्या प्रोजेक्टचा आराखडा द्यायचा, म्हणून कमळ वही उघडून बसली होती. काठावर तेलाची कंपनी आल्यापासून माहुलच्या खाडीतली मासळी घटली का, हा तिचा विषय. पायरीवर तिची आई मथुरा खाडीत धरलेल्या चिंबोऱ्यांवरचं काळं तेल पुसत बसली होती.

"आये, सर म्हणतात, कंपनीमुळे काहीच फरक पडला नाही, असं सुरुवातीला धरून चालायचं."

"आन् पडलाय, हे कोनी दाखवायचं?"

"आपण. आकडे गोळा करून."

"ते कमी पडले तर?"

"मग फरक दिसला नाही, असं लिहायचं."

"आन् कंपनीनं काय दाखवायचं गो?"

"काहीच नाही."

मथुराने हातातला फडका भिरकावला. "म्हंजे आमी नापास, आन् ती परीक्षेला न बसताच पास!"