उघडा पाइप

अंबरनाथच्या आनंदनगरात आमचा कापड रंगवायचा कारखाना होता आणि त्यात बॉयलर एकच. त्याच्याच वाफेवर कापड रंगायचं, धुतलं जायचं आणि सुकायचं. सत्त्याऐंशी साली मालकांनी टिपणीससाहेबांना आणलं, कुठल्या खात्याला किती वाफ जाते आणि त्या बदल्यात किती माल निघतो, हे मोजायला.

साहेबांनी महिनाभर मोजमाप केलं आणि भिंतीलगतचा एक उघडा पाइप पकडला. "हा नुसती वाफ खातो, देत काहीच नाही," म्हणाले, आणि त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड वेष्टण चढवायला लावलं. त्या पाइपावर आमचे जेवणाचे डबे गरम व्हायचे. तसं सांगायला गेलो तर म्हणाले, "डबा हे उत्पादन आहे का?"

वेष्टण चढलं त्या दुपारी साहेबांनी स्वतःचा डबा उघडला. वरणावर तूप थिजलेलं. त्यांनी झाडलोट करणाऱ्या वेणूबाईला हाक मारली, "रोज गरम असतो, आज काय झालं?"

"साहेब, तुमचाबी तिथंच ठेवायचे मी," वेणूबाई म्हणाली. "सगळ्यांच्या डब्यांबरोबर."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाले, "माझं मोजायचं चुकलंच." आम्हाला एवढा आनंद झाला, की त्या दिवशीची गार भाकरीसुद्धा गोड लागली.



दुसऱ्या दिवशी पाइपावरचं वेष्टण कापलेलं होतं, बरोबर एका डब्याएवढं.